पिठावरची पावलं

गोष्ट पुस्तकात होती तेव्हा
लांडगा चपटा होता.
पान उलटलं की गप्प व्हायचा.
मुलं जांभया द्यायची,
बेगिमाय तर सरळ खिडकीबाहेर बघत बसायची,
जिथे नारीन नदी कडेकडेने गोठत चाललेली.

म्हणून मी बालवाडीच्या स्वयंपाकघरात गेले,
काल्यपा-एजेंकडे तीन किलो पीठ मागितलं.
"कशाला?"
"बर्फ हवाय."
"दारात गुडघाभर पडलाय की!"
"तो वितळतो, एजे."
त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं
जणू मीच थोडी वितळलेय,
पण पोतं सोडलं.

मग पत्र्याच्या लांब ताटात डोंगर आला.
आर्चाची हिरवी फांदी शेगडीवर धरली,
धूर झाला, खोकला झाला,
आणि रान झालं.
न धुतलेली, चिकट लोकर
बोटांना तुपकट वास सोडणारी,
ती मेंढरं.
वाळवलेल्या दह्याचे गोळे म्हणजे दगड.
त्यातला एक दगड अदिलेतने खाल्ला,
तेव्हा तिथे दरड कोसळली असं आम्ही ठरवलं.

लांडगा सगळ्यांनी मिळून केला.
कढत पाणी, साबण, करडी लोकर
आणि बावीस तळवे.
घोळायचं, थापायचं, पुन्हा घोळायचं,
पाठीच्या जागी पाठ येईपर्यंत.
एक कान मोठा झाला.
ऐनूरा म्हणाली, तो ऐकतोय.
कुणी म्हणालं, त्याला आज भूक नाहीये.
लोकर मऊ असली की शेवटही मऊ होतो,
आणि खरं सांगायचं तर
मला तेच हवं होतं.

वर्गात मुलं बारा.
उरलेले दोन तळवे एर्मेकच्या खिशात.
गेल्या हिवाळ्यात त्यांच्या गोठ्यात
एका रात्रीत अकरा मेंढ्या.
हे गावाला ठाऊक, मलाही,
तरी मी लांडग्याला
बटणांचे डोळे शिवत होते.

मी तो पिठावरून चालवला,
टुण टुण, चार पाय, चार खड्डे,
चित्रात होते तसे.

"असं नसतं."
एर्मेक उठला.
खिशातून हात काढला,
बोटांची टोकं जुळवून पंजा केला,
पिठात टेकवला, उचलला.
"पुढचा पाय पडतो ना,
मागचा तिथेच पडतो. त्याच खड्ड्यात.
चार पायांचा असून दोन पायांचा वाटतो.
पाच गेले एकामागून एक
तरी वाटतं एकच गेला.
बाबांनी दाखवलं. माझा हात धरून. बर्फात."

ताटभर एकच ओळ उमटत गेली,
घाई नसलेली, सरळ,
हाताने घातलेल्या धावदोऱ्यासारखी.
कुणी हसलं नाही.
बेगिमायने खिडकी सोडली,
नाकाला पीठ लागेल इतकी वाकली,
हळूच म्हणाली, "आत्ता कुठेय तो?"
एर्मेकने ताटाच्या कडेकडे पाहिलं,
जिथे बर्फ संपून टेबल सुरू होत होतं.
"गेला."

त्या दिवशी आमचा लांडगा
मेला नाही, सुधारलाही नाही.
एर्मेकने मेंढरं मोजली. दोनदा.
एक कमी भरलं.
अदिलेतने मूठ उघडली.

संध्याकाळी काल्यपा-एजे पीठ चाळायला बसल्या.
लोकरीचे केस, काटक्या, एक बटण.
उद्याच्या बोरसोकला धुराचा वास येणार
म्हणून पुटपुटत होत्या.
मी मान खाली घालून ताटं पुसत होते.
शेवटच्या ताटाशी आले
तर त्याचा एक कोपरा त्यांनी हलवलाच नव्हता.
पावलं होती तिथे.

"एवढं राहू दे," त्या म्हणाल्या,
चाळणी मांडीवर आपटत,
"सकाळी त्या पोराला विचारू
किती जण गेले."